हरित सेनेची नदीवही: शाळेतल्या एका गटाचा आळंदीतला इतिहास

(भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघात सुटलेले एक-दोन तपशील इथे जोडले आहेत.)

आजच्या भागात राजे नाहीत, लढाया नाहीत, एकही किल्ला नाही. आजचा इतिहास आहे शाळेतल्या हरित सेनेचा. हसू नका. २००१ नंतर महाराष्ट्रातल्या शाळेत शिकलेल्या पुष्कळ जणांच्या हातात एकदा तरी खड्ड्यापाशी रोप दिलेलं असतं, फोटो निघालेला असतो, आणि त्या रोपाचं पुढे काय झालं हे कुणालाच आठवत नसतं. हे सगळं सुरू कुठून झालं, कुणी केलं आणि त्यातून काय उरलं, हा आजचा विषय.

यात मी स्वतः आहे, हे आधीच सांगते. २००३ साली मी आळंदीतल्या एका शाळेत आठवीत होते आणि आमच्या हरित सेनेची 'नोंद प्रमुख' होते. शाळेचं नाव सांगणार नाही, कारण सांगायच्या गोष्टींत आमच्या चुकाही आहेत.

आधी थोडं मागे जाऊ.

शाळेत झाड लावणं आपल्याकडे नवीन नव्हतं. १९३७ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून नई तालीम पुढे आली. हाताने काम करत शिकायचं, त्यात शेती आणि बागकामही आलं. त्याच्याही आधी, १९१९ मध्ये, कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. तिचं बोधचिन्हच वडाचं झाड. १९५० मध्ये केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला आणि जुलै महिना शाळांसाठी वृक्षारोपणाचा झाला. पण या काळात झाड म्हणजे श्रम, संस्कार, सावली. गावची नदी बिघडू शकते आणि तिच्याकडे विद्यार्थ्यांनी लक्ष ठेवावं, हा विचार अजून शाळेत आला नव्हता.

तो आला १९७२ नंतर. त्या वर्षी ५ ते १६ जून या काळात स्वीडनमधल्या स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण परिषद झाली. यजमान स्वीडनचे पंतप्रधान सोडले, तर तिथे बोलणाऱ्या सरकारप्रमुख एकट्या इंदिरा गांधी होत्या. परिषदेच्या जाहीरनाम्यात पर्यावरण शिक्षणाचं कलम आलं आणि परिषदेचा पहिला दिवस, ५ जून, हा पुढे जागतिक पर्यावरण दिन ठरला.

आता यातली गंमत बघा. आमच्याकडे शाळा उघडते जूनच्या मध्यावर. म्हणजे जगाचा पर्यावरण दिन येतो तेव्हा महाराष्ट्रातली शाळा बंद, मुलं मामाच्या गावाला, आणि जमीन अजून भाजलेली. मग शाळा तो दिवस सवडीने, पंधरा-वीस दिवसांनी साजरा करते. तारीख एका हवामानाची आणि आपण दुसऱ्या हवामानातले, ही अडचण हरित सेनेला जन्मापासून आहे. पुढे ती पुन्हा भेटेल.

स्टॉकहोमनंतर आपल्याकडे कायद्याच्या बाजूने पावलं पडली. १९७४ मध्ये जलप्रदूषण रोखण्याचा कायदा आला. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीत नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांची यादी आली, आणि तिच्यात वनं, सरोवरं, नद्या, वन्यजीव यांचं रक्षण करणं हेही एक. 'नद्या' हा शब्द तिथे स्पष्ट लिहिलेला आहे. १९८४ मध्ये भोपाळची दुर्घटना झाली, १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने पर्यावरणाची जाणीव शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर हवी असं म्हटलं.

तरी शाळेत फार काही हललं नाही. मग वकील एम. सी. मेहता सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर १९९१ मध्ये न्यायालयाने सांगितलं: चित्रपटगृहांत पर्यावरणाच्या स्लाइड फुकट दाखवा, आकाशवाणी-दूरदर्शनवर कार्यक्रम करा, आणि शाळा-महाविद्यालयांत हा विषय सक्तीचा करा. त्याची अंमलबजावणी रेंगाळली, म्हणून २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा लक्ष घालावं लागलं.

या सगळ्याच्या मधोमध, २००१-०२ मध्ये, केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने शाळांसाठी 'नॅशनल ग्रीन कॉर्प्स' ही योजना काढली. प्रत्येक जिल्ह्यात ठरावीक शाळा, प्रत्येक शाळेत ३० ते ५० विद्यार्थ्यांचा गट, एक प्रभारी शिक्षक आणि वर्षाला १००० रुपये. ही रक्कम पुढे २५०० आणि नंतर ५००० झाली. महाराष्ट्रात योजनेचं काम सामाजिक वनीकरण विभागाकडे आलं आणि नाव पडलं राष्ट्रीय हरित सेना. खातं झाडांचं, म्हणून आमच्या गटाचं कामही मुख्यतः झाडांचं ठरलं. नदीचं खातं वेगळं, प्रदूषणाचं वेगळं. आठवीतल्या पोरांना हे कोण सांगणार?

लक्षात घ्या, हा गट आम्ही मागितलेला नव्हता. मुलं एकत्र आली, काही करू म्हणाली, असं झालं नाही. पत्र आलं, मुख्याध्यापकांनी विज्ञानाच्या बाईंना बोलावलं, बाईंनी आठवी-नववीतली चाळीस नावं लिहिली. देशातल्या बऱ्याचशा हरित सेना अशाच, पत्रातून जन्मल्या. त्यात वाईट काही नाही. फक्त पत्रातून जन्मलेल्या गटाला पत्रालाच उत्तर द्यायची सवय लागते.

आमचा गट कसा चालायचा ते सांगते, कारण इतिहासाच्या पुस्तकात हे येत नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एक तास. पहिल्या वर्षीच्या पैशातून दोन कुदळी, एक फावडं, चार घमेली, दोन बादल्या आणि गळ्यात घालायची ओळखपत्रं आली. रोपं रोपवाटिकेतून मिळाली: कडुनिंब, करंज, गुलमोहर, काळ्या पिशव्यांत. चाळीस जणांचे पाच गट, प्रत्येकाला पाणी घालायची पाळी. शेळ्यांपासून वाचवायला बाभळीच्या फांद्या तोडून आणायच्या आणि रोपाभोवती रोवायच्या. हात सोलून निघायचे. मजा यायची, खोटं कशाला बोलू.

जुलैत लावलेली रोपं दिवाळीपर्यंत छान टिकायची. दिवाळीच्या सुट्टीत पहिली मरतुक. उरलेली एप्रिलमध्ये, कारण परीक्षा सुरू झाल्या की पाळ्या बंद. मे महिन्यात शाळेला कुलूप आणि नळाला पाणी नाही. रोपाला सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच त्याचे रखवालदार सुट्टीवर. मगाशी म्हटलं ना, तारखांची अडचण पुन्हा भेटेल. जूनमध्ये आम्ही परत यायचो तेव्हा खड्डे तयारच असायचे. त्याच खड्ड्यांत नवी रोपं.

वार्षिक अहवाल भरताना आमच्यातल्या एकाने विचारलं, "बाई, लावलेली लिहायची की जगलेली?"

बाई जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "रकाना लावलेल्यांचा आहे."

आम्ही ५० लिहिलं. जगलेली सहा होती.

पुढच्या शनिवारी बाई एक जाड लाँगबुक घेऊन आल्या. म्हणाल्या, "तो अहवाल त्यांचा. ही वही आपली. हिच्यात जे दिसेल तेवढंच लिहायचं. आणि झाडांचं नको, नदीचं लिहा."

नदीचं का, ते आळंदीकरांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडा भूगोल. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावते, मावळातून देहूला येते, मग चिखली, मोशीवरून आळंदीला, आणि पुढे तुळापूरला भीमेत मिळते. १२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी इथे समाधी घेतली, तेव्हापासून ही नदी तीर्थ आहे. कार्तिकी यात्रेला लाखो माणसं येतात आणि इंद्रायणीचं स्नान हा त्या यात्रेचा भागच.

आता नदीच्या वरच्या अंगाला काय झालं ते बघा. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६० च्या दशकात एमआयडीसीने जमिनी घेतल्या आणि कारखानदारी वाढली. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. १९९७ मध्ये तळवडे, चिखली, मोशी, चऱ्होलीसारखी आजूबाजूची गावं हद्दीत आली आणि शहर इंद्रायणीच्या काठाला येऊन टेकलं. उत्तरेला चाकणची औद्योगिक वसाहत वाढत गेली. कामाला माणसं आली, त्यांच्यासाठी चाळी आल्या, इमारती आल्या, आणि त्या सगळ्यांचं सांडपाणी उताराने नदीकडे निघालं. आळंदी खालच्या अंगाला. शिवाय गावाचं आणि यात्रेचं स्वतःचं सांडपाणी आहेच, ते नाकारून चालणार नाही. पण मुख्य गोष्ट अशी, की आळंदीच्या मुलांनी गावात कितीही झाडं लावली, कितीही फेऱ्या काढल्या, तरी घाटावर येणारं पाणी त्यांच्या हातात नव्हतं. गटाने करायचं तरी काय?

बाईंचं उत्तर होतं: लिहायचं.

रोज संध्याकाळी दोघांची जोडी घाटावर जायची. एकच जागा, एकच वेळ. पाण्याच्या वर किती पायऱ्या दिसतात ते मोजायचं. पाण्याचा रंग लिहायचा. वास आहे का, जलपर्णी आहे का, असली तर अर्ध्या पात्रापर्यंत की पूर्ण. आठवड्यातून एकदा डब्याचं पांढरं झाकण दोरीला बांधून पाण्यात सोडायचं आणि ते दिसेनासं झालं की दोरी किती बुडाली ते पट्टीने मोजायचं. पाणी किती गढूळ आहे ते असं कळतं. शास्त्रज्ञही अशीच तबकडी वापरतात. याला काही खर्च नाही.

पहिले दोन महिने मला त्यात काही अर्थ वाटला नाही. रंग हिरवट, रंग हिरवट, रंग काळपट. कंटाळा.

मग नोव्हेंबरमध्ये यात्रा आली. आमची शाळा दिंड्यांना मुक्कामाला दिली होती, म्हणून वर्ग बंद होते, पण बाईंनी वही बंद होऊ दिली नाही. यात्रेच्या दोन-तीन दिवस आधी पायऱ्या पाण्याखाली जायला लागल्या. पाऊस नव्हता. रंग निवळला. वास गेला. झाकण पूर्वीपेक्षा कितीतरी खोल दिसायला लागलं. यात्रा संपली, गर्दी पांगली, आणि आठवडाभरात पायऱ्या पुन्हा उघड्या पडल्या, रंग पुन्हा काळपट.

आम्ही वहीची पानं बाईंसमोर ठेवली. त्यांनी सांगितलं, की यात्रेसाठी वरच्या धरणातून पाणी सोडतात, भाविकांना स्नान नीट व्हावं म्हणून. त्यात लपवण्यासारखं काही नाही, बातमी पेपरात येते. पण तेरा वर्षांच्या मला त्या दिवशी जे कळलं ते आजवर विसरले नाही: पाहुणे येतात तेव्हाची नदी वेगळी आणि आपल्याला रोज मिळते ती वेगळी. हे ऐकून कळलं नव्हतं. आमच्याच अक्षरात, तारखेसह, समोर होतं.

याच सुमाराची आणखी एक गोष्ट. पुण्याचे डॉक्टर विश्वास येवले यांनी २००२ मध्ये जलदिंडी सुरू केली. आळंदीहून पंढरपूरपर्यंत, पण रस्त्याने नाही, नदीतून, वल्हवत. इंद्रायणीतून भीमेत आणि भीमेतून चंद्रभागेच्या वाळवंटापर्यंत. वाटेत काठावरच्या गावांशी, शाळांमधल्या मुलांशी नदीबद्दल बोलत जायचं. वारीची कल्पना घेऊन नदीकडे तोंड वळवायचं, हे मला अजूनही फार मराठी वाटतं. पत्रातून नाही, परंपरेतून निघालेलं पर्यावरणाचं काम. आळंदीची पोरं ते पाहायला घाटावर जमायची. आम्हीही वही घेऊन गेलो होतो. कुणी विचारलं नाही, आम्हीही दाखवली नाही. लाजलो.

इथे एक लांबची गोष्ट सांगते, म्हणजे माझं म्हणणं कळेल. अमेरिकेत मिशिगन राज्यात अ‍ॅन आर्बर नावाचं गाव आहे, तिथे ह्यूरन नदी. १९८४ मध्ये तिथल्या ह्यूरन हायस्कूलच्या काही मुलांना नदीत विंडसर्फिंग केल्यावर हिपॅटायटिस ए, म्हणजे कावीळ झाली. मिशिगन विद्यापीठातले प्राध्यापक विल्यम स्टॅप यांच्या मदतीने शाळेच्या मुलांनी नदीचं पाणी तपासायला घेतलं. त्यात मैलापाण्याचे जंतू सापडले आणि मुलांनी ते निष्कर्ष गावातल्या जबाबदार मंडळींपुढे मांडले. हे स्टॅप म्हणजे युनेस्कोच्या पर्यावरण शिक्षण विभागाचे पहिले संचालक. स्टॉकहोमनंतर शाळांसाठी काय करायचं याची आखणी करणाऱ्यांतला माणूस. १९८९ मध्ये त्यांनी नद्या तपासणाऱ्या शाळांचं एक जागतिक जाळं उभं केलं.

आता आमच्यात आणि त्यांच्यात फरक काय? मुलं तेवढीच हुशार. नदी तेवढीच आजारी. पण त्यांच्या नोंदी ऐकून घ्यायला समोर कुणीतरी बसलं होतं, आणि त्या जपायला विद्यापीठ होतं. आमच्या वहीला रकाना नव्हता. सरकारी अहवालात 'लावलेली झाडे' होतं, 'काढलेल्या फेऱ्या' होतं, 'सहभागी विद्यार्थी' होतं. 'नदीच्या नोंदी' कुठेच नव्हतं.

मी दहावीत गेले तशी हरित सेनेतून बाहेर पडले. हा नियमच असायचा, दहावीचं वर्ष म्हणजे बाकी सगळं बंद. बाईंची नंतर बदली झाली. नव्या सरांनी झाडांचं काम मनापासून केलं, पण वहीचं त्यांना कुणी सांगितलंच नाही. शाळेतल्या गटाची स्मरणशक्ती दोन वर्षांची असते, जास्तीत जास्त तीन. मुलं पुढे जातात, शिक्षक बदलतात. नदीचा आजार मात्र तीस-चाळीस वर्षांचा असतो.

गेल्या काही वर्षांत आळंदीत इंद्रायणीवर पांढरा फेस दिसतो. बंधाऱ्यावरून पाणी पडतं तिथे घुसळून बर्फासारखे ढीग होतात. साबण-डिटर्जंटचा अंश आणि न शुद्ध केलेलं सांडपाणी यांची ती साय आहे. टीव्हीवर बातमी येते, मग प्रत्येक जण म्हणतो, 'पूर्वी नदी चांगली होती.' पूर्वी म्हणजे कधी? कोणत्या साली बिघडली, कोणत्या महिन्यात जास्त, कोणत्या वारी? प्रदूषण नियंत्रण मंडळ ठरावीक ठिकाणचे नमुने तपासतं, पण ते साधारण महिन्यातून एकदा. मधल्या एकोणतीस दिवसांचं काय?

ते दिवस आमच्या वहीत होते, निदान दोन वर्षांपुरते. म्हणून मी शाळेत गेले. ऑफिसातल्या मावशींनी कपाट उघडून दाखवलं. "बाळा, इमारतीचं काम निघालं तेव्हा जुन्या वह्या रद्दीत गेल्या गं." राग कुणावर धरायचा? ती वही जपून ठेवा असं आम्हीच कुणाला सांगितलं नव्हतं. नोंद प्रमुख तर मी होते.

वार्षिक अहवालांची फाईल मात्र जागेवर होती. व्यवस्थित, शिवलेली. तिच्यात लिहिलंय: ५० झाडे.

आता हरित सेनेचं रूप बदललं आहे. २०२२ मध्ये केंद्राने मिशन लाईफ जाहीर केलं आणि शाळांतले गट आता त्या नावाने इको क्लब म्हणून चालतात. राज्याचं माझी वसुंधरा अभियान २०२० पासून आहे. नववी-दहावीला जलसुरक्षा हा विषय आला आहे. कामाचा पुरावा म्हणून आता फोटो अपलोड करतात. बरंच आहे की. पण फोटो लावलेल्या दिवसाचा असतो, मे महिन्याचा नसतो.

तुमच्यापैकी कुणी शिक्षक असाल आणि गळ्यात इको क्लब पडला असेल, तर माझं सांगणं एवढंच. झाडं कमी लावा, पण मे महिन्यातल्या पाण्याची पाळी जूनमध्येच ठरवा आणि ती शाळेजवळ राहणाऱ्या घरांना वाटून द्या. जगलेल्या झाडांचा रकाना स्वतःच आखा. आणि एक वही सुरू करा. नदी, ओढा, विहीर, कचऱ्याचा ढीग, काहीही चालेल. एक जागा, एक वेळ, तारीख आणि नोंद करणाऱ्याची सही. पाण्यात कुणी उतरायचं नाही, काठावरून दिसेल तेवढंच, आणि सोबत मोठं माणूस हवं. दर महिन्याला पानांचे फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा, एक प्रत गावच्या वाचनालयात द्या. वर्ष संपताना जुन्या मुलांनी नव्या मुलांच्या हातात वही द्यायची, निरोप समारंभाला, सगळ्यांसमोर. म्हणजे ती आहे हे शाळेला माहीत राहतं.

आणि कुणाच्या माळ्यावर अशी एखादी जुनी वही असेल, पायऱ्यांची, पावसाची, विहिरीच्या पाण्याची, तर रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून बघा.

मी मागच्या महिन्यापासून पुन्हा घाटावर जाते. दर रविवारी, संध्याकाळी साडेपाचला. पायऱ्या मोजते. नवी वही आहे, दोनशे पानी. सोबत आठवीतली भाची असते, तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, म्हणून लिहिते ती.

आज इथेच थांबू. पुढच्या भागात भेटूच. नमस्कार.